उट्रेख्तचा एक दिवस: आधी होडी, मग सायकल

नेदरलँड्सला निघालेल्या आपल्याकडच्या माणसांच्या हाती बहुधा एक यादी असते. त्यात ॲमस्टरडॅमचे कालवे, झान्से स्कान्सच्या पवनचक्क्या, वसंत असेल तर क्यूकेनहॉफची ट्युलिप आणि जमल्यास गीटहॉर्न असतं. देश लहान आहे, गाड्यांची सोय उत्तम आहे, त्यामुळे तीन दिवसांत यादी पुरीही होते. पण परतल्यावर त्यातलं एक गाव दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही. म्हणून या लेखातून एक आग्रह धरते आहे. यादीतली दोन नावं खोडा आणि सकाळपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस एकाच मध्यम आकाराच्या गावाला द्या. ते गाव उट्रेख्त असावं, असं माझं मत आहे.

त्याला कारणं आहेत. ॲमस्टरडॅमहून उट्रेख्त रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत येतं आणि दिवसा गाड्या इतक्या आहेत की वेळापत्रक पाठ करायची गरज नाही. जुनं गाव चालत पालथं घालता येईल एवढंच आहे, आणि सायकलवर बसलं की अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही नदीकाठच्या झाडीत असता. शिवाय इथला कालवा दुमजली आहे. वर रस्ता आणि घरं, तर खाली पाण्याला लागून दगडी धक्का आणि त्यात उघडणारी तळघरं. अशी लांबच लांब रचना नेदरलँड्सच्या दुसऱ्या कुठल्याही शहरात दिसत नाही. ॲमस्टरडॅमचे प्रसिद्ध कालवे सतराव्या शतकातले, म्हणजे ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती तिच्या भरभराटीच्या काळातले. उट्रेख्तचा औडेग्राख्त म्हणजे जुना कालवा त्याहून कितीतरी आधीचा, बाराव्या शतकातला आहे. ही कंपनी १६०२ साली स्थापन झाली, तेव्हा या कालव्यातून माल वाहायला लागून शतकं उलटली होती.

दिवसाची आखणी करताना माझा क्रम ठरलेला आहे: सकाळी पायी, दुपार व्हायच्या आत होडी, दुपारनंतर सायकल. अनेक जण उलटं करतात. स्टेशनवर उतरल्या उतरल्या सायकल भाड्याने घेतात आणि थेट जुन्या गावात घुसतात. ते करू नका. जुन्या गावातल्या गल्ल्या अरुंद आहेत, दुकानांसमोर माणसांची वर्दळ असते, आणि स्टेशनजवळचा फ्रेडेनबुर्ख हा रस्ता तर देशातल्या सर्वांत गजबजलेल्या सायकलमार्गांपैकी एक आहे. कामावर, कॉलेजला निघालेली माणसं तिथे झपाट्याने जात असतात. नवख्याने मध्येच थांबून नकाशा पाहिला की मागच्या दहा जणांचा खोळंबा होतो. सायकलची खरी मजा गावाबाहेर आहे. गाव पाहायला पाय आणि होडी पुरेशी आहेत.

गाडीसाठी वेगळं तिकीट काढायची गरज नाही. परदेशात चालणारं, नुसतं टेकवून पैसे देता येणारं बँकेचं कार्ड स्टेशनच्या फाटकावर टेकवायचं, उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, नवरा-बायकोला एकच कार्ड चालत नाही. शिवाय मोबाइलमधलं कार्ड आणि खिशातलं कार्ड यांना यंत्र वेगवेगळं समजतं, म्हणून जाताना जे वापरलं तेच उतरताना वापरा. बाहेर पडताना टेकवायला विसरलात तर भुर्दंड पडतो. कार्ड दिवसभर लागणार आहे, कारण अनेक हॉटेलांत आणि दुकानांत रोख पैसे घेतच नाहीत.

उट्रेख्त सेंट्रालला उतरलात की गावाकडच्या बाजूने बाहेर पडा. चौकाच्या खाली सायकलींचं वाहनतळ आहे, ते दहा मिनिटं काढून नुसतं पाहायला जा. तीन मजले, सुमारे १२,५०० सायकलींची जागा, जगातलं सर्वांत मोठं. २०१९ साली ते पूर्णपणे खुलं झालं. लोक सायकल चालवतच आत शिरतात, कुठल्या रांगेत किती जागा रिकामी आहे ते पाट्यांवर दिसतं, आणि पहिले २४ तास पैसे पडत नाहीत. या देशात इतकी माणसं सायकल का चालवतात, हा प्रश्न प्रत्येक पाहुण्याला पडतो. हवामान, सपाट जमीन, लोकांची आवड अशी उत्तरं दिली जातात. पण घरून सायकलने स्टेशनवर यायचं, ती सुरक्षित ठेवायची आणि दोन मिनिटांत फलाटावर पोचायचं, एवढी सोय सरकार आणि महापालिकेने करून ठेवली आहे, हे उत्तर मला जास्त पटतं. ते इथे डोळ्यांनी दिसतं.

तिथून गावाकडे निघालात की एक पाण्याचा पट्टा ओलांडावा लागतो. हा कातारैनेसिंगेल, म्हणजे जुन्या तटाबाहेरच्या खंदकाचा भाग. पुलावर थांबा, कारण या पाण्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. गेल्या शतकात मोटारींसाठी खंदकाचा हा भाग कोरडा करून तिथे रुंद हमरस्ता बांधला गेला. लोकांना तो कधीच रुचला नाही. २००२ साली नगराच्या मतदानात पाणी परत आणण्याच्या बाजूने कौल मिळाला आणि २०२० च्या सप्टेंबरात खंदक पुन्हा भरला. आता होडीतून जुन्या गावाला पूर्ण वळसा घालता येतो. ज्या जागी गाड्या धावत होत्या तिथे आज लोक वल्हं मारत जातात. नद्या-नाले बुजवून रस्ते करणाऱ्या कुठल्याही शहराच्या माणसाने हे पाहिलंच पाहिजे.

साडेनऊच्या सुमाराला तुम्ही डॉमच्या चौकात पोचायला हवं. दुकानं दहाच्या आसपास उघडतात, त्याआधी गाव शांत असतं. चौकाच्या एका बाजूला ११२ मीटरचा डॉम मनोरा, देशातला सर्वांत उंच चर्चमनोरा. दुसऱ्या बाजूला चर्च. आणि दोघांमध्ये मोकळी जागा. नवख्याला वाटतं की मनोरा मुद्दाम वेगळा बांधला असावा. तसं नाही. मनोरा १३२१ ते १३८२ या काळात उभा राहिला, नंतर चर्चचा मधला भाग त्याच्यापर्यंत पोचला, पण पैशांच्या ओढगस्तीमुळे तो पुरेसा मजबूत बांधला गेला नव्हता. १ ऑगस्ट १६७४ ला आलेल्या वादळात तो कोसळला. ढिगारा दीडशे वर्षांच्या आसपास तसाच पडून होता. आज जिथे तुम्ही उभे आहात तो चर्चचा मधला भागच. फरसबंदीकडे नीट पाहिलंत तर जुन्या खांबांच्या जागा वेगळ्या दगडांनी दाखवलेल्या दिसतील. जमिनीत बसवलेली धातूची एक पट्टीही दिसेल. ती आहे रोमन किल्ल्याच्या तटाची खूण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन साम्राज्याची उत्तर सीमा ऱ्हाइन नदीवर होती आणि त्या सीमेवरचं एक ठाणं नेमकं या चौकाखाली आहे.

मनोऱ्यावर जायचं असेल तर ४६५ पायऱ्या आहेत, वाटाड्याबरोबरच जावं लागतं आणि वेळ आधी आरक्षित करावी लागते. गुडघे ठणठणीत असतील तर सकाळची पहिली वेळ घ्या. वाटेत मोठ्या घंटा लागतात. त्यांतल्या अनेक १५०५ साली गेर्ट फान वाउ या कारागिराने ओतल्या. सर्वांत मोठी आठ हजार किलोंहून जड आहे. वरून सपाट हिरवा देश चहूकडे दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर ॲमस्टरडॅमही. चढायचं नसेल तर हळहळू नका. चर्चला लागून असलेल्या पांडहॉफ या बागेत जा. कमानींनी वेढलेला हा जुना मठाचा चौक, मध्ये औषधी वनस्पतींचे वाफे. प्रवेश मोफत आहे. मला विचाराल तर मनोऱ्यापेक्षा मी बाग निवडेन आणि वाचलेला तास कालव्यावर घालवेन.

अकराच्या सुमाराला होडीकडे वळा. शनिवार-रविवारी आणि उन्हाळ्यात दुपारनंतर औडेग्राख्तवर होड्यांची दाटी होते, म्हणून ही वेळ बरी. पर्याय साधारण तीन. एक, मोठ्या बोटीतली तासाभराची फेरी, ज्यात चालक आणि माहिती दोन्ही मिळतात. सोबत वयस्कर आई-वडील असतील, लहान मूल असेल किंवा पाऊस असेल तर हीच घ्या. मात्र धक्क्यावर उतरायला दगडी पायऱ्या असतात आणि काही ठिकाणी त्या बऱ्याच उभ्या आहेत. ज्यांना जिना जमत नाही त्यांनी आरक्षण करतानाच विचारून घ्यावं. दुसरा पर्याय पायाने चालवायची बोट किंवा कायाक. तिसरा, विजेवर चालणारी छोटी बोट स्वतः चालवायची. १५ मीटरपेक्षा लांब किंवा ताशी २० किलोमीटरपेक्षा वेगवान नसलेल्या बोटीला या देशात परवाना लागत नाही, त्यामुळे भाड्याच्या लहान बोटी कुणालाही मिळतात.

अंगात थोडी ताकद असेल तर मी कायाक किंवा पायबोट सुचवेन. बोलणारं कुणी नसतं, पाणी हाताशी असतं आणि थांबावंसं वाटलं की थांबता येतं. नियम सोपे आहेत. उजव्या बाजूने चला. पुलाखालून मोठी बोट येत असेल तर आधी तिला जाऊ द्या. पूल बुटके आहेत, त्यामुळे होडीत उभं राहू नका आणि हात कडेला सोडून बसू नका. दिसेल त्या धक्क्याला होडी बांधू नका. अनेक धक्के खाजगी घरांचे किंवा हॉटेलांचे आहेत. पोहता न येणाऱ्यांनी आणि मुलांनी तरंगणारं जाकीट मागून घ्यावं. मोबाइल आणि पासपोर्ट घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. होडी देणारा माणूस नकाशा देतो आणि कुठे जायला मनाई आहे ते सांगतो, ते नीट ऐकून घ्या.

पाण्यावरून काय पाहायचं, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माहिती नसेल तर ते सगळं नुसतंच सुंदर दिसतं. कालवा इथे आला तो नदीचं पात्र बंद झालं म्हणून. ११२२ च्या सुमाराला ऱ्हाइनचा उट्रेख्तकडे येणारा प्रवाह वरच्या अंगाला बांध घालून अडवला गेला. पुराचा धोका टळला, पण व्यापारी गावाची पाण्याची वाट गेली. म्हणून दक्षिणेकडे नवा जलमार्ग खोदला आणि गावातला कालवा त्याला जोडला. उट्रेख्तला नगराचे हक्कही त्याच वर्षी, ११२२ साली मिळाले. पाण्याची पातळी रस्त्यापेक्षा बरीच खाली होती. व्यापाऱ्यांनी मग पाण्याच्या पातळीला धक्का केला आणि घराच्या तळघरापासून रस्त्याखालून थेट त्या धक्क्यापर्यंत लांब कमानदार कोठारं बांधली. होडीतून उतरलेलं पिंप घरंगळत सरळ कोठारात. वर रस्त्यावरून चालणाऱ्याला पत्ताही नाही की आपण कुणाच्या तरी कोठाराच्या छतावर आहोत. आजही तसंच आहे. त्यामुळे जड वाहनांचा भार या कमानींना सोसत नाही, काही ठिकाणी त्यांना बंदी आहे आणि धक्क्याच्या भिंतींची दुरुस्ती वर्षानुवर्षं चालू आहे. कुठे कुंपण, पाइप, पंप दिसले तर वैतागू नका. आठशे-नऊशे वर्षांची वस्तू वापरात ठेवायची तर असं करावंच लागतं.

माल पाण्यावरून वाहायची पद्धतही पूर्ण गेलेली नाही. महापालिकेची विजेवर चालणारी बोट इथल्या हॉटेलांना पिंपं आणि इतर सामान पोचवते. सकाळच्या वेळी ती दिसण्याची शक्यता जास्त. सामान उचलायच्या यारीसह ती धक्क्याला लागलेली दिसली तर जरा लांबून का होईना थांबून पाहा.

मान वर करून दिव्याच्या खांबांखालचे दगडही बघा. प्रत्येकावर छोटं शिल्प कोरलेलं आहे. कुठे जुनी लोककथा, कुठे त्या जागी चालणारा धंदा. रस्त्यावरून ती सहज दिसत नाहीत, पाण्यावरून नीट दिसतात. दक्षिणेकडे जाल तशी गर्दी विरळ होते, झाडं दाट होतात, आणि धक्क्यावर हॉटेलांच्या खुर्च्यांऐवजी लोकांच्या कुंड्या आणि सायकली दिसू लागतात. मला हा भाग सर्वांत आवडतो. वेळ थोडा जास्त असेल तर न्यूवेग्राख्तमध्ये वळा. हा नंतरचा कालवा, राहत्या घरांचा आणि कमालीचा शांत. पायी असाल तर या भागातलं पाउसहाउझ हे १५१७ सालचं घर पाहता येईल. उट्रेख्तमध्ये जन्मलेल्या आद्रियानने ते स्वतःसाठी बांधवलं. पुढे १५२२ साली तो पोप झाला आणि या घरात राहायला त्याला कधीच मिळालं नाही.

मार्च ते मे या दरम्यान जाणार असाल तर कालव्याच्या उत्तर टोकाला वेर्डस्लुइस नावाचा जलदरवाजा आहे, त्याची माहिती घेऊन जा. वसंतात मासे अंडी घालायला वरच्या पाण्याकडे निघतात, पण त्या दिवसांत बोटी कमी असल्याने दरवाजा बंदच असतो आणि मासे अडकून पडतात. म्हणून २०२१ पासून पाण्याखाली कॅमेरा बसवला आहे. जगात कुठूनही, अगदी सांगलीतून किंवा सॅन होजेतून, इंटरनेटवर पाहत बसायचं आणि मासा दिसला की बेलचं बटण दाबायचं. पुरेशा सूचना आल्या की दरवाजा उघडला जातो. मुलांना घेऊन जाणार असाल तर प्रवासाच्या आठवडाभर आधी घरी हे सुरू करा. ज्या दरवाज्याची बेल आपण वाजवली तो प्रत्यक्ष पाहण्यासाठी मुलं आपणहून चालत येतील.

जेवणाचं म्हणाल तर डच लोक दुपारी थोडकंच खातात. पावामध्ये चीज, सूप, कोशिंबीर. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही, पण दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. हिवाळ्यातल्या वाटाण्याच्या घट्ट सुपात डुकराचं मांस असतं. मोहरीच्या सुपात कधी कधी त्याचे तुकडे घालतात. चीज बनवताना अनेकदा प्राणिज रेनेट वापरलेलं असतं, कडक पाळणाऱ्यांनी वेष्टनावर पाहून घ्यावं. गरम आणि आपल्या चवीच्या जवळचं काही हवं असेल तर सुरिनामी खानावळ शोधा. एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून करारावर सुरिनामला नेलेल्या मजुरांचे वंशज पुढे नेदरलँड्सला आले आणि त्यांच्याबरोबर रोटीही आली. मऊ रोटी, मसाल्यातला बटाटा आणि चवळीसारख्या लांब शेंगांची भाजी अशी थाळी मिळते. कोंबडी नको म्हणून सांगायचं. अंडंही नको असेल तर तेही सांगायचं.

दीडच्या सुमाराला सायकल घ्या. दुकानदार ओळखपत्र आणि अनामत मागतो. स्टेशनवर निळ्या-पिवळ्या सायकली दिसतात त्या रेल्वेच्या, पण त्यांना स्थानिक सदस्यत्व लागतं, त्यामुळे पाहुण्यांनी खाजगी दुकानच गाठावं. इथल्या सायकली उंच असतात. लाजू नका, सीट खाली करून मागा. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. अनेक सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पॅडल मागे फिरवलं की सायकल थांबते. सवय नसेल तर हाताच्या ब्रेकची आणि तीन गिअरची सायकल मागा आणि दुकानासमोर दोन फेऱ्या मारून बघा. कुलपं दोन असतात. एक चाकाला बसवलेलं, दुसरं साखळीचं. साखळी सायकलस्टँडमधून किंवा कठड्यातून ओवून घ्यायची. ओढणी, पंचा, लांब कोट चाकात जाणार नाही असं बांधून घ्या. आठ वर्षांखालच्या मुलाला कॅरिअरवर बसवून न्यायचं नाही, त्याच्यासाठी वेगळं आसन लागतं आणि ते भाड्याने मिळतं.

आपल्याला सर्वांत जड जातं ते उजव्या बाजूने चालवणं. सरळ रस्त्यावर लक्षात राहतं, वळणावर विसरतं. आपल्याकडे उजवीकडे वळताना रस्ता ओलांडावा लागतो, तिथे डावीकडे वळताना. पहिला अर्धा तास तरी डावीकडे वळायचं झालं तर सरळ उतरा आणि पादचाऱ्यांसारखं पार करा. लाल रंगाचा डांबरी पट्टा सायकलींचा असतो. पायी चालताना तिथे फोटोसाठी उभं राहायचं नाही. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असतील तर थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं. कुठलीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला. ट्रामला नेहमी वाट द्या. वळण्याआधी हात बाहेर काढा. चालवताना हातात मोबाइल धरायला २०१९ पासून बंदी आहे आणि दंड बसतो. अंधार पडला की पुढचा-मागचा दिवा लागतो. या सगळ्याचा धाक घेऊ नका. इथले मोटारचालक सायकलींना सरावलेले आहेत, कारण तेही इतर वेळी सायकलच चालवतात.

आता रस्ता. औडेग्राख्तच्या दक्षिण टोकाला लेडिख एर्फ हा छोटा चौक आहे, तिथून पूर्वेकडे निघा. वाटेत विल्हेल्मिना पार्कमधून जा आणि प्रिन्स हेंड्रिकलान या रस्त्याच्या टोकाला रीटफेल्ट-श्रोडर घर पाहा. १९२४ साली गेरिट रीटफेल्टने ते ट्रूस श्रोडर या बाईंसाठी आणि त्यांच्याच सहभागाने रचलं. तीन मुलं असलेल्या या विधवा बाईंना मुलांना बंद खोल्यांत वाढवायचं नव्हतं. म्हणून वरच्या मजल्याच्या भिंती सरकत्या आहेत. दिवसा सगळा मजला एक, रात्री हव्या तितक्या खोल्या. त्या १९८५ साली वारल्या तोवर याच घरात राहिल्या. आज ते जागतिक वारसा आहे. आत जायचं असेल तर काही दिवस आधी वेळ घ्यावी लागते, ऐनवेळी जागा मिळेलच असं नाही. शेजारच्या साध्या विटांच्या घरांच्या ओळीला लागून हा पांढरा, करडा, लाल, पिवळा, निळा आकार कसा उभा आहे ते बाहेरूनही कळतं. रचनेत किंवा घरबांधणीत रस असेल तर मात्र आतून पाहणं टाळू नका.

तिथून क्रोमे राइन नदीचा काठ जवळ आहे. ऱ्हाइनचा हा जुना, नागमोडी, संथ फाटा. तोच तो, ज्याचं पाणी बाराव्या शतकात अडवलं. रस्ता शोधायला मोबाइल सतत काढायची गरज नाही. देशभर सायकलींसाठी आकड्यांच्या हिरव्या-पांढऱ्या पाट्या आहेत. निघण्याआधी नकाशावर तीन-चार आकडे टिपून घ्या आणि एकामागून एक तेच शोधत जा. हमरस्त्याखालून पलीकडे गेलात की आमेलिसवेर्डची झाडी सुरू होते. जुन्या जमीनदारांच्या या बागा आता सर्वांसाठी खुल्या आहेत. तो हमरस्ता, ए-२७, याच झाडीतून काढला गेला. १९८२ साली झाडं तोडायला माणसं आली तेव्हा विरोध करणारे झाडांवर चढून बसले होते. पोलिसांनी त्यांना उतरवलं आणि झाडं पडली. पुढे तो रस्ता आणखी रुंद करण्याचा विषय निघाला तेव्हाही गाव पुन्हा उभं राहिलं. झाडांखालून जाताना दुरून वाहनांचा आवाज येतो, तो याच रस्त्याचा.

थोडं पुढे राइनाउवेन. नदीकाठी मोठ्या झाडांखाली टेबलं मांडलेलं जुनं चहाघर, आणि तिथले मोठ्या ताटाएवढे पॅनकेक. चीजचा, सफरचंदाचा असे शाकाहारी प्रकार असतात, पण पिठात अंडं असतं. गावातून इथवर साधारण पाच-सहा किलोमीटर. इथे घाई करायची नाही. दीड तास बसा. समोरून कायाक येत-जात राहतात. ज्यांना सायकल जमत नाही त्यांना उट्रेख्तहून वल्हं मारतही इथे येता येतं, मात्र त्याला अर्धा दिवस ठेवावा लागतो. अजून हुरूप असेल तर जवळच राइनाउवेनचा किल्ला आहे, एकोणिसाव्या शतकातला. शत्रू आला की मुद्दाम शेतं पाण्याखाली घालायची आणि त्याला चिखलात अडवायचं, अशी जी जलसंरक्षणाची फळी डचांनी उभारली तिच्यातला हा सर्वांत मोठा किल्ला. ही फळीही आता जागतिक वारशात आहे. किल्ल्याच्या आत जाण्याचे दिवस ठरलेले असतात, ते आधी पाहून घ्या.

सायकलीसाठी एक गोष्ट पावसापेक्षा महत्त्वाची आहे आणि ती म्हणजे वारा. सपाट देशात त्याला अडवायला काही नसतं. निघताना वारा समोरून असेल तर उत्तम, परतताना तो पाठीशी येईल. उलट असेल तर परतीला दीडपट वेळ धरा. पावसासाठी पुढच्या दोन तासांचा अंदाज दाखवणारं बाउएनराडार हे ॲप घ्या. तिथली माणसंही तेच पाहून घराबाहेर पडतात. सकाळीच दिसलं की दुपारी पाऊस आहे, तर सायकल आधी आणि होडी नंतर करा, बंद बोटीत पाऊस लागत नाही. छत्री सायकलवर निरुपयोगी आहे, टोपीचा रेनकोट आणा.

दिवस कुठला निवडावा? सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात आणि दुकानं उशिरा उघडतात. शनिवारी गर्दी, पण यान्सकेर्कहॉफला फुलांचा आणि ब्रेडस्ट्राटला कापडाचा बाजार भरतो. शनिवारी आणखी एक गोष्ट असते. औडेग्राख्तच्या काठी, रस्त्याच्या दगडांत एक कविता लिहिली जात आहे. २०१२ पासून दर शनिवारी दुपारी एक दगड, त्यावर एक अक्षर. शनिवार येत राहतील तोवर ती चालू राहावी, अशी कल्पना आहे. दगड कोरणाऱ्याभोवती उभं राहून पाहता येतं. २७ एप्रिल हा राजाचा वाढदिवस, त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर असतं. मौज आहे, पण या लेखातला निवांत दिवस तेव्हा मिळणार नाही. मुलं पाच-सहा वर्षांची असतील तर नाइन्त्ये या चित्रपुस्तकांतल्या सशीचं संग्रहालय आहे. तिला निर्माण करणारा डिक ब्रुना उट्रेख्तचाच, पहिलं पुस्तक १९५५ सालचं. गावातल्या एका पादचारी सिग्नलवर माणसाऐवजी लाल-हिरवी नाइन्त्ये दिसते. आणि कुणी संस्कृतचे अभ्यासक असतील तर त्यांना हे गाव आधीपासून ठाऊक असेल, कारण वेदांचे आणि भारतीय धर्मांचे मोठे अभ्यासक यान खोंडा यांनी अनेक दशकं इथल्याच विद्यापीठात शिकवलं.

परतताना जुन्या गावातून न येता सिंगेलच्या, म्हणजे जुन्या खंदकाच्या काठाने या. खंदकाला लागून एकोणिसाव्या शतकात बाग केली आहे, तिच्यातून रस्ता वळणावळणाने जातो. पूर्ण वळसा साधारण सहा किलोमीटरचा आहे; थकला असाल तर अर्धाच करा. सायकल दुकान बंद व्हायच्या आत पोचवायची आहे, म्हणून सकाळीच दुकानाची वेळ लिहून ठेवा. अनेक दुकानं सहाच्या आसपास बंद होतात. संध्याकाळभर हवी असेल तर दुसऱ्या दिवशीपर्यंतचं भाडं ठरवा आणि रात्री ती स्टेशनच्या वाहनतळात ठेवा. फुटपाथवर, मनाई असलेल्या जागी ठेवलेली सायकल महापालिका उचलून नेते आणि सोडवायला पैसे पडतात.

जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवण धक्क्यावर, पाण्याशेजारच्या टेबलावर घ्या. अशी टेबलं लवकर भरतात, त्यामुळे दुपारीच सांगून ठेवा. डिसेंबरमध्ये मात्र साडेचारलाच अंधारतं; तेव्हा सायकल सकाळी न्या, होडी दुपारी घ्या आणि जेवण तळघरातल्या हॉटेलात, कमानीखाली. त्या जाड भिंतींत ऊबही चांगली असते. परतीच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात, ॲमस्टरडॅमला आणि शिफोल विमानतळालाही थेट. फलाटावर जाण्याआधी कार्ड टेकवा, सकाळी वापरलं तेच.